खिडकीवाल्या खोलीत बदली

सोमवार, ४. सकाळी ९.१०
साहेब म्हणाले, शनिवारपर्यंत कामगारांच्या बदल्या नोंदवणारा C भाषेतला प्रोग्रॅम करून दाखव, मग वर कॉम्प्युटरच्या खोलीत तुझं बघू. त्या खोलीला खिडकी आहे. माझ्या तळघरातल्या स्टोअरला नटबोल्टचे अठ्ठावीस रॅक आणि एक फडफडणारी ट्यूब. तीन दिवसांत होईल. उरलेले दिवस शुद्धलेखन तपासायला.

मंगळवार, ५
प्रत्येक कामगाराचं एक स्ट्रक्चर केलं: नाव, विभाग, नेमणूक. मग 'बदली' नावाचं फंक्शन. चाचणीसाठी स्वतःलाच वर पाठवलं. फंक्शनच्या आत मी 'कॉम्प्युटर'. बाहेर येऊन छापलं, तर 'स्टोअर'. स्टोअरमधलं हे मशीन जुनं आहे.

बुधवार, ६. दुपारी १.४०
एकवीस वेळा वर गेलो. एकवीस वेळा स्टोअर. डबा तसाच राहिला.
वरच्या ऑपरेटर मॅडम स्क्रू मागायला आल्या. स्क्रीन बघून म्हणाल्या, अरे, तू फंक्शनला स्ट्रक्चरची नक्कल देतोयस. ते नकलेवर काम करतं आणि नक्कल तिथेच टाकून देतं. मूळ स्ट्रक्चरचा पत्ता दे, पॉइंटर. मी म्हटलं, मूळ कागद मी कोणाच्या हाती देत नाही, झेरॉक्स देतो. म्हणून तर माझं दहावीचं प्रमाणपत्र अजून कोरं करकरीत आहे. त्यांनी विचारलं, आणि बारावीचं? मी स्क्रू मोजून दिले.

गुरुवार, ७
ताईने शेजारच्या काकूंना सांगून टाकलंय की मी आता वर बसतो. ताईवर चिडलो. जिन्यात काकूंनी विचारलं, कसं वाटतं रे वर? म्हटलं, वारा छान येतो.

शुक्रवार, ८. संध्याकाळी ६.००
पॉइंटर वापरायचा नाही. निर्णय पक्का.
६.२५
वापरला. फक्त नमुन्यादाखल. फंक्शनला पत्ता दिला, आत डॉटच्या जागी पॉइंटरचं बाणाचं चिन्ह. बाहेर येऊन छापलं: 'कॉम्प्युटर'. चार वेळा छापलं. मग टेबलाचा खण रिकामा करून सगळं पिशवीत भरलं.

शनिवार, ९. सकाळी ११.३०
प्रोग्रॅम बिनचूक चालला. साहेब खूश. म्हणाले, आता सगळ्या बदल्या मॅडम एकट्याच उरकतील, वर दुसरं माणूस लागणारच नाही. मी विचारलं, मग माझं? ते म्हणाले, तुझंही करतो की, किती दिवस हंगामी राहणार? आणि स्वतःच्या हाताने टाइप केलं. विभाग: स्टोअर. नेमणूक: कायम.
फंक्शन संपल्यावर पुन्हा छापून पाहिलं. बदल टिकला आहे.
पिशवी खाली आणली. खण लावतो आहे.