खोडरबराचा चुरा

२ जून २००२, सकाळ
कॉम्प्युटर उभा राहिला. पार्ट लॅमिंग्टन रोडवरून आणले, एकूण एक स्क्रू मी स्वतः पिळला. पी-फोर, २५६ रॅम, ग्राफिक्स कार्ड वेगळं, कॅबिनेटला निळा दिवा. अख्ख्या मांडवीत असा दुसरा नाही. पतपेढीतला लवू म्हणाला, एवढ्यात कंपनीचा तयार आला असता. तयार कपडे घालणाऱ्याला शिंप्याची किंमत काय कळणार.
ठेवायला बायकोचं, मालनचं टेबल घेतलं. तिला शाळेच्या वह्याच तपासायच्या असतात. जमिनीवर बसूनही तपासता येतात.
निश्चय: रोज दोन तास बंदुकीचा गेम. वर्षाच्या आत जिल्ह्यात पहिला.

९ जुलै
स्क्रीन काळी. तीन बीप. संध्याकाळभर मॅन्युअल वाचलं. मदरबोर्डचा दोष दिसतो. मालनचं म्हणणं, समुद्राची खारी हवा रॅमच्या पट्टीला लागली असेल. नोकरीच्या सक्तीने एमएस-सीआयटी केलंय तिने. म्हणजे पेंटमध्ये झोपडी काढता येते. बजावलं, मशीनला हात लावायचा नाही.

१० जुलै
पतपेढीतून आलो, बटण दाबलं, चालू! काल सगळ्या वायरी घट्ट केल्या होत्या. अशा कामाचा गुण सावकाश येतो.
टेबलावर खोडरबराचा चुरा. सानिकाच्या पाठीत धपाटा घातला. तिसरीत गेली तरी शिस्त नाही. काहीतरी सांगत होती. ऐकलं नाही, लाडावतात.

२२ ऑगस्ट
महिन्यात चौथ्यांदा बीप. चौथ्यांदा दुसऱ्या दिवशी आपोआप ठीक. लवूला समजावून सांगितलं की जुळणी उत्तम असली की मशीन स्वतःला सावरतं. तो हसला. अज्ञानी माणूस हसतोच.
पुन्हा चुरा. पुन्हा धपाटा.

१५ नोव्हेंबर
लवूने तयार पीसी घेतला आणि तो बंद पडला. व्हायचंच होतं. घरी आला. मी समोर बसलेलो, आणि हा विचारतो, वयनी हायत काय? माझा वेळ मोलाचा आहे हे त्याला समजलं, हेही नसे थोडके. मालन जाऊन अर्ध्या तासात परत आली. काय केलंस विचारलं. चहा घेतला म्हणाली.

२६ जानेवारी २००३
सायबर कॅफेत स्पर्धा. चौदा जणांत चौदावा. माउस त्यांचा होता. बाकीचे शाळकरी, त्यांना काळज्या नसतात.
निश्चय: रॅम दुप्पट.

१९ एप्रिल
रॅम ५१२ केली. मशीन तापतं. कॅबिनेटचा पत्रा काढून घरातला एकुलता एक टेबलफॅन त्यावर लावला. सानिकाला घामोळं आलंय, पंख्यासाठी रडत होती. मालन म्हणाली, "पोरीपेक्षा त्याला जास्त उकडतं काय?" शास्त्रीय उत्तर दिलं. पोरीचं तापमान सदतीस, प्रोसेसरचं सत्तर. दोघी पडवीत निजल्या.

२१ एप्रिल
मालन एकदम शांत. वाद नाही. शाळेतून उशिरा आली, झेडपीत काम होतं म्हणे. नीट समजावलं की बायका सुधारतात.

२ जून
मशीनला वर्ष झालं. त्यात मालनच्या बदलीची ऑर्डर. नाटे! राजापूर तालुक्याचं टोक. तिचं माहेर तिथे आहे एवढंच नशीब. सानिकालाही नेणार. रद्द करून आणतो म्हटलं. राहू दे म्हणाली. गरीब स्वभाव.

५ जून
झेडपीत गेलो. टेबलावर हात आपटला. क्लार्कने शांतपणे फाईल उघडली. "शिक्षा नाय ही. विनंती बदली. बाईंनी स्वतः मागितलनी." अर्ज मालनच्या अक्षरात. कारण: कौटुंबिक. तारीख २१ एप्रिल.
कागदांच्या गठ्ठ्यात चुकून सही झाली असणार. घरी विचारलं नाही. बिचारीला वाईट वाटेल.

१४ जून
दोघी गेल्या. घर शांत. आता सरावाला कोणाचा अडथळा नाही.

२४ जून
तीन बीप. सहा दिवस झाले. वायरी रोज घट्ट करतो. आपोआप ठीक होत नाही.

२५ जून, संध्याकाळ
नाट्याला फोन केला. मालन बोलायला आली नाही. सानिका बोलली. मशीन बंद आहे म्हटलं. म्हणाली, "आई दुपारी आतली पट्टी काढून माझ्या खोडरबराने घासायची. मग चालायचा. मी सांगत होते तुम्हाला."
विचारलं, कधी येणार? म्हणाली, "आजोबांनी मला पंखा घेतलाय."

खोडरबर कॅबिनेटच्या तळाशी सापडला. पट्टी काढली, घासली. परत बसवताना जोर जास्त लागला. कट्ट झालं. आता बीपही नाही.
चुरा माझ्या लेंग्यावर पडलाय.
टेबलफॅन अजून त्या उघड्या डब्यावरच फिरतोय. खोडरबर अर्धा झिजलाय. त्यावर पेनने लिहिलंय, सानिका, तिसरी. पुढची तुकडी घासून गेली. पोस्टाने पाठवून द्यायला हवा. शाळा सुरू झाली असेल, तिला लागेल.