तळमजल्याचा झोन

४ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. मोठं काम हातात घेतलेल्या माणसाने नोंदी ठेवाव्यात. मोठ्या साहेबांनी आज नगररचना खात्याच्या परवानगी-प्रक्रियेत सुधारणा करायचं काम माझ्याकडे सोपवलं. हेडक्लार्क म्हणाला की बाकीच्या तिघांनी आधीच कानावर हात ठेवले होते. माणसाला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही हेच खरं.

योगायोग असा की घरचंही काम याच खात्यात येणार. लेक फिजिओथेरपिस्ट आहे. हॉस्पिटलची नोकरी सोडून स्वतःचं क्लिनिक काढायचं म्हणते, आमच्याच तळमजल्यावर. भाडेकरू गेल्यापासून तो रिकामा आहे. पण आमची गल्ली रहिवासी झोनमध्ये, त्यामुळे तळमजल्यापुरता झोन बदलून घ्यावा लागेल. तिच्या मैत्रिणीने दुसऱ्या शहरात भागीदारीत एक जागा बघून ठेवली आहे. मेअखेर इथली परवानगी मिळाली तर लेक इथे, नाहीतर तिकडे. मी तिला म्हणालो, बाप नगररचनेचा उपप्रमुख असताना तू परवानगीची काळजी करतेस? बायको उठून स्वयंपाकघरात गेली. तिची ही सवय मला अजिबात आवडत नाही.

९ फेब्रुवारी
अभ्यास केला. सध्या एक फाईल सात टेबलांवरून फिरते. रस्त्याचं टेबल, गटाराचं टेबल, नकाशाचं टेबल. एक टेबल तर फक्त मागच्या टेबलाने सही केली आहे का हे बघतं आणि त्याखाली सही करतं. शिव शिव.

संकल्प : सातांचं एक टेबल. 'एक टेबल योजना'. घरी बसून तक्ता काढला, रंगीत स्केचपेनने. बाण लाल. फार देखणा झाला आहे. बायकोला दाखवला. म्हणाली, जेवणाचं टेबल मोकळं करा.

१२ फेब्रुवारी
हेडक्लार्कने बाजूला घेतलं. म्हणाला, साहेब, ताईंचा अर्ज आत्ताच द्या, मी स्वतः हातात घेऊन सातही टेबलं फिरवतो, मार्चमध्ये काम फत्ते. यात वावगं काही नाही, फक्त पाय दुखतील ते माझे.

मी स्पष्ट नकार दिला. नव्या प्रक्रियेतली पहिली फाईल माझ्या लेकीची असणार. सगळ्या शहरासमोर उदाहरण. हेडक्लार्क 'जशी मर्जी' म्हणाला आणि चष्मा पुसत बसला. बराच वेळ पुसला.

घरी सांगितलं. लेक म्हणाली, बाबा, जुन्याच पद्धतीने करूया ना, मला उदाहरण व्हायचं नाही. मी तिला तत्त्व समजावलं. जेवण गार झालं, पण पटलं असावं. ताट उचलून स्वयंपाकघरात गेली. आईवर गेली आहे.

१ मार्च
परिपत्रक निघालं! आजपासून जुनी प्रक्रिया कायमची बंद. मोठ्या साहेबांनी हात मिळवला. कोणीतरी फोटोही काढला, मी त्यात अर्धा आलो आहे.

५ मार्च
किरकोळ अडचण. जुनी प्रक्रिया बंद झाली आणि नवी अजून सुरू झाली नाही, कारण सॉफ्टवेअर व्हायचं आहे. म्हणजे तूर्तास या शहरात कोणालाही कसलाच अर्ज करता येत नाही. हेडक्लार्कने विचारलं, खिडकीवर लोकांना काय सांगू? सांगा, सुधारणा चालू आहे. लोकांना धीर म्हणून नाही. एक लाँड्रीवाला रोज येऊन बाकावर बसतो. त्याला दुकान शेजारच्या गाळ्यात हलवायचं आहे. माझ्याकडे असा बघतो जणू मीच त्याचे कपडे हरवले आहेत.

लेकीने नोकरीचा राजीनामा दिला. कौतुक वाटलं. बापावर भरवसा आहे.

२२ मार्च
डोकं उठलं आहे. सॉफ्टवेअर आलं. लेकीचा अर्ज मी स्वतः भरायला बसलो. पहिलाच प्रश्न : आपला झोन कोणता? 'रहिवासी' निवडलं. उत्तर : रहिवासी झोनमध्ये क्लिनिक चालत नाही, अर्ज बंद. परत बसलो. 'व्यापारी' निवडलं. उत्तर : आपलं घर रहिवासी झोनमध्ये आहे, माहिती खोटी, अर्ज बंद. म्हणजे झोन बदलून हवा असेल तर तो आधी बदललेला असला पाहिजे. सॉफ्टवेअरवाल्याला फैलावर घेतलं. त्याने थंडपणे माझा तक्ता पुढे केला. पहिल्या चौकोनातून निघालेला लाल बाण त्याच चौकोनात परत गेला होता. घरात पुरेशी जागा नसली की असं होतं. जेवणाचं टेबल मोकळं करायची घाई कोणाला झाली होती?

१६ एप्रिल
सॉफ्टवेअरमधला तो बाण सरळ झाला आणि एक टेबल योजना सुरू! रिबीन, भाषण, चहा. टेबल अर्थातच माझं. सहा क्लार्क मोकळे झाले आणि दुसऱ्या खात्यांत गेले. हेडक्लार्क साठलेली रजा घेऊन घरी गेला. जाताना म्हणाला, तब्येतीला जपा. हा माणूस टोमणा मारतो की काळजी करतो, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

दीड महिन्याचे तुंबलेले अर्ज दुपारपर्यंत टेबलावर आले. चहा कुठे ठेवायचा हा प्रश्न आहे. तरीही शब्द पाळला : फाईल नंबर एक, माझ्या लेकीची. पेन उघडलं. आणि माझाच नियम आठवला. नात्यातल्या व्यक्तीच्या अर्जावर अधिकाऱ्याने निर्णय घेऊ नये, फाईल दुसऱ्या टेबलाकडे पाठवावी. नियम उत्तम आहे. तो लिहिताना मला स्वतःचा अभिमान वाटला होता.

दुसरं टेबल नाही.

२० एप्रिल
मोठ्या साहेबांकडे दुसरं टेबल मागितलं. म्हणाले, योजनेचं नाव 'एक टेबल', आता दोन केली तर लोक हसतील. मग योजनेची स्तुती केली. मला बरं वाटलं. बाहेर आल्यावर लक्षात आलं की मागितलेलं काही मिळालं नाही.

घरी लेकीने विचारलं, झालं का? मी म्हणालो, तत्त्वतः झालं. तिने विचारलं, तत्त्वतः झालेल्या क्लिनिकमध्ये पेशंट झोपतात कुठे? बायको हसली. मायलेकी एक झाल्या की माझं कोणी नाही.

५ मे
आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगतो कोणाला. दिवसाला चार फाईली निघतात, चाळीस येतात. मान आखडली आहे. लेकीला दाखवली तर तिने दोन मिनिटांत मोकळी केली. हात गुणी आहे पोरीचा. म्हणाली, इथेच क्लिनिक असतं तर रोज करून दिली असती.

लाँड्रीवाल्याने कंटाळून बिनपरवानगी दुकान हलवलं आणि धंदा जोरात चालू आहे. मी त्याला नोटीस काढली. नोटिशीला मंजुरी लागते, ती याच टेबलावरून. ढिगात कुठेतरी आहे.

१४ मे
जेवताना लेक काहीतरी सांगत होती, तिकडची जागा, मैत्रीण, महिनाअखेर वगैरे. मी दुसऱ्या टेबलाच्या प्रस्तावाचा चौथा मसुदा वाचत होतो. 'बरं, बघू' म्हणालो. मसुदा चांगला उतरला आहे.

२५ मे
लेक मैत्रिणीकडे गेली आहे. जाऊ दे, हवापालट होईल. परत येईपर्यंत परवानगी हातात ठेवतो की नाही बघा. बायकोला हे सांगितलं तर ती उठून उगाच भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी.

४ जून
मोठ्या साहेबांनी अभ्यासदौऱ्यावर पाठवलं. शेजारच्या शहरातल्या परवानगी-खिडकीची फार वाखाणणी चालली आहे म्हणे. लेक आहे तेच शहर. संध्याकाळी तिला भेटून सरप्राइज द्यायचं ठरवलं.

खिडकी अगदीच साधी निघाली. तीन टेबलं, एक पंखा. तिथल्या अधिकारी बाईंनी सांगितलं, आम्ही टेबलं कमी केलीच नाहीत, आधी नियम कमी केले. छोटं क्लिनिक, शिवणकाम, शिकवण्या यांना राहत्या गल्लीत सरसकट मुभा दिली, झोन बदलायची भानगडच ठेवली नाही. रस्ता किती रुंद आणि गाड्या कुठे लागणार, एवढंच बघतात. मी म्हणालो, यात नियोजन कुठे आहे? त्या म्हणाल्या, लोकांचं काम होतं.

मग उदाहरण म्हणून सांगायला लागल्या. मागच्या महिन्यात एक मुलगी आली, फिजिओथेरपिस्ट. सकाळी आली, दुपारी परवानगी घेऊन गेली. कागद इतके व्यवस्थित की मी विचारलं, घरी कोणी या लाइनमधलं आहे का? तर हसून म्हणाली, वडील नगररचनेत आहेत, फाईल कुठेकुठे अडते ते लहानपणापासून ऐकलंय.

मी पाणी मागितलं.

पत्ता विचारायची गरज पडली नाही, दुसऱ्याच गल्लीत बोर्ड होता. वर आमचं आडनाव. आत लेक स्टुलावर उभी राहून पडदा लावत होती. मला बघून खाली उतरली. मी विचारलं, हे कधी ठरलं?

"बाबा, मी जेवताना सांगितलं होतं. तुम्ही बरं म्हणालात."

चहा केला तिने. मी सगळं तपासलं. रस्ता पुरेसा रुंद, गाड्यांना जागा, उजेड चांगला. खोट काढायला काही नव्हतं. शेवटी म्हणालो, पायरी जरा उंच आहे, गुडघेदुखीच्या पेशंटला त्रास होईल. ती म्हणाली, उद्या उतार बसवायला माणूस येतोय. ते रास्त आहे.

बसमध्ये बाजूचा प्रवासी विचारत होता, बरं वाटत नाही का. धुळीचा त्रास आहे म्हणालो.

६ जून
हातपाय गाळून बसणाऱ्यांतला मी नाही. भागीदारी काय, मोडताही येते. इथली परवानगी आली की लेक परत येईल. साधं गणित आहे. आज मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये आवाज चढवला. आयुष्यात पहिल्यांदा. दुसरं टेबल मंजूर! नवीन अधिकारी बाई सोमवारपासून रुजू, पण आजच भेटून गेल्या. मी स्वतः त्यांना तयार करणार. म्हटलं, जागेवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकही अक्षर लिहायचं नाही, आणि समोर अर्ज कोणाचाही असो, मुरवत ठेवायची नाही. त्यांनी वहीत उतरवून घेतलं.

१५ जून
लेक टेम्पो घेऊन आली. कपाट, पुस्तकं, पलंग. मी सांगितलं, पलंग राहू दे, फाईल दुसऱ्या टेबलावर गेली आहे, आता चार दिवसांचा प्रश्न. टेम्पोवाला थांबून बघत होता.

"फेब्रुवारीत हवं होतं, बाबा."

रागावून म्हणाली असती तर मलाही रागावता आलं असतं. पलंगाची एक बाजू मी धरली. जिन्याच्या वळणावर अडकला होता, तिरका केल्यावर निघाला. टेम्पो गेल्यावर बायको बराच वेळ दारात उभी होती. मी म्हणालो, आत ये. म्हणाली, तुम्ही जा.

३ जुलै
लेकीच्या फाईलवर आज निर्णय झाला. नवीन बाई काल जागेवर येऊन गेल्या. मी ऑफिसात होतो. तळमजला मोजला, गल्ली मोजली, सगळं नियमात. मग त्यांनी बायकोला विचारलं, अर्जदार कुठे आहेत? बायकोने खरं ते सांगितलं. बाईंनी वरची खोलीही बघितली. भिंतीवर पलंगाच्या जागेचा फिका पट्टा आहे म्हणे, तोही टिपून घेतला.

घरातलं क्लिनिक त्या घरात राहणाऱ्यालाच चालवता येतं, हे नव्या प्रक्रियेतलं कलम माझंच. फाईल उलटसुलट वाचली. कुठे चूक सापडते का बघितलं. अक्षर सुवाच्य, तारीख बरोबर, कलमाचा आकडाही बरोबर. शेरा एकाच ओळीचा : अर्जदार सदर पत्त्यावर राहत नाहीत, अर्ज निकाली.

खाली उपप्रमुखांनी वाचल्याची सही लागते. केली.