मी मध्येच दिलेलं उत्तर

वुडलँड्स, सिंगापूर
८ नोव्हेंबर २०२५

ती. आईंना,
साष्टांग नमस्कार.

माझी नोकरी टिकली. काल दुपारी एच.आर.च्या मिस लिम यांनी फोन करून सांगितलं आणि संध्याकाळी तसं पत्रही आलं. आमचा विभाग डिसेंबरअखेर बंद होतोय, पण नव्या विभागातल्या दोन जागांपैकी एक मला मिळाली. प्रबोधची नोकरी ऑगस्टमध्ये गेल्यापासून तिघांचे इथे राहण्याचे पास माझ्या एकटीच्या नोकरीवर आहेत, हे तुम्हाला माहीत आहेच. काल रात्री तो तीन महिन्यांनी पोटभर जेवला. गार्गीने शाळेतून आल्यावर नुसतं "स्टेइंग आह?", म्हणजे इथेच राहतोय ना, एवढं विचारलं आणि ती दप्तर टाकून झोपून गेली.

ही बातमी प्रबोधने तुम्हाला फोनवर दिली असेलच. मग पत्र कशाला, असं वाटेल. त्याने तुमचं इकडे यायचं डिसेंबरचं तिकीट काढू का म्हणून तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा तुम्ही "बघू" म्हणालात. तुम्ही का येत नाही, ते तुमच्या मुलाला कळत नाही. मला कळतं. फोनवर ते मला बोलता आलं नसतं. सव्वीस वर्षं कारखान्याच्या टेलिफोनवर आवाजावरून माणसं ओळखलेल्या बाईपुढे तर नाहीच.

आधी मुलाखतीचं सांगते. दोन जागांसाठी आम्ही सात जण एकाच खोलीत होतो. प्रत्येकाने तीन मिनिटांत इंग्रजीत आपली ओळख करून द्यायची आणि काम सांगायचं. आदल्या दिवशी जुरोंग आयलंडवरच्या प्लांटहून परतताना कंपनीच्या बसमध्ये मी मनात घोकत होते, तेव्हा चिंचवडचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. २०१८ साल. तुम्ही गवार मोडत मुलाखत घेणारे साहेब झाला होतात आणि मी समोर उभी. "मायसेल्फ निशिगंधा, बेसिकली फ्रॉम सातारा, माय फादर इज रिटायर्ड, आय हॅव टू ब्रदर्स."

तुम्ही शेंग खाली ठेवलीत. "त्यांना तुझ्या भावांना नोकरी द्यायचीय का?"

"कॉलेजात असंच शिकवलंय, आई."

"पंपांच्या कारखान्यात मला दिवसाला दोनशे फोन यायचे. एकालाही माझे वडील काय करतात हे नको होतं. आधी नाव सांग. मग समोरच्याचं कुठलं काम तुझ्यामुळे होतं, ते सांग. हुद्दा शेवटी, तोही विचारला तर. आणि वाक्य संपलं की थांब. घाबरलेला माणूस थांबत नाही."

सलग अकरा संध्याकाळी तुम्ही माझ्याकडून ते करून घेतलंत. सिंगापूरची ही नोकरी त्यातून मिळाली. मग गार्गी लहान म्हणून तुम्ही इथे आलात आणि मी निर्धास्त कामावर जाऊ लागले. याबद्दल मी तुम्हाला नीट धन्यवाद कधीच दिले नाहीत. घरातल्या माणसाला कसले द्यायचे, असं आपल्यात म्हणतात. ते सोयीचंही असतं.

परवा मुलाखतीत नव्या डायरेक्टर, मिसेस को, यांनी मला विचारलं, "तर, तुम्ही काय करता?" मी तोंड उघडणार, तोच माझ्या शेजारी बसलेला आमचा टीम लीड कुशल म्हणाला, "निशी मला प्लॅनिंगमध्ये मदत करते. फार सिन्सिअर आहे." भला माणूस आहे. नंतर मला म्हणालाही, "अगं, मी तुझ्याच बाजूनं बोलत होतो."

त्या क्षणी मला राग आला नाही, आई. मला पुलाउ उबीनचं बेट आठवलं.

तीन वर्षांपूर्वीचा कंपनीचा फॅमिली डे. सगळे सायकली घेऊन गेले होते, तुम्ही बाकावर शहाळं पीत होतात. आमचे तेव्हाचे बॉस मिस्टर टॅन येऊन बसले आणि त्यांनी तुम्हाला विचारलं, "आंटी, लास्ट टाइम यू वर्किंग ऑर नॉट?" म्हणजे, पूर्वी नोकरी करायचात का? तुम्ही शहाळं बाजूला ठेवलंत, पदर सारखा केलात. आणि मी मध्येच म्हणाले, "नो, नो, शी इज अ हाउसवाइफ. शी डझन्ट स्पीक मच इंग्लिश."

मला कसली भीती वाटली, ते आता सांगते. तुम्ही जुन्या ऑपरेटरसारखं, एकेक शब्द सुटा करून, "गुड मॉर्निंग, सर" म्हणाल आणि माझ्या ऑफिसमधले हसतील, ही. ज्या इंग्रजीने मला तिथवर नेलं, तिचीच मला लाज वाटली. तुम्ही मिस्टर टॅनकडे बघून हसलात आणि शहाळं पुन्हा उचललंत. परतीच्या बोटीत गार्गीचं हेल्मेट मांडीवर घेऊन बसलात. तीन आठवड्यांनी म्हणालात, गुडघे दुखतात, जाते चिंचवडला. आपल्या ब्लॉकची लिफ्ट आपल्याच मजल्यावर थांबते, जिना चढावा लागत नाही, हे तुम्हालाही ठाऊक होतं, मलाही. मी तुम्हाला अडवलं नाही.

मुलाखतीत मी कुशलला म्हटलं, "थांब, मी सांगते." मग नाव सांगितलं. म्हटलं, प्लांट दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, तेव्हा अडीचशे माणसं आत उतरतात. कोणी कधी, कुठे, कोणाच्या नंतर उतरायचं, ते मी ठरवते. सगळी माणसं संध्याकाळी बाहेर येतात आणि प्लांट ठरल्या तारखेला सुरू होतो. एवढं सांगून थांबले. तीन मिनिटांतलं एकच संपलं होतं. तरी मी थांबूनच राहिले.

काल संध्याकाळी मिसेस को लिफ्टपाशी भेटल्या. असं बोलायला कुठे शिकलात, म्हणाल्या. मी म्हटलं, सासूबाईंकडे. त्यांनी विचारलं, त्या काय करायच्या? उत्तर माझ्या जिभेवर होतं, चांगलं, अभिमानाचं. तरी दिलं नाही. म्हटलं, त्यांनाच विचारा, त्या आल्या तर.

आई, मला माफ करा, असं लिहून हे सगळं मिटवून टाकणं सोपं आहे. तुम्ही त्यावर "अगं, त्यात काय" म्हणाल आणि डिसेंबरला पुन्हा "बघू" म्हणाल. म्हणून माफी मागायची घाई करत नाही. तुम्ही आला नाहीत तरी तुमचं माझ्यावरचं ऋण तेवढंच राहील.

हे पत्र ऑफिसातल्या अनीशकडे देतेय. तो उद्या पुण्याला निघतोय, बुधवारी तुमच्याकडे येईल. गुरुवारी सकाळी प्रबोध तिकिटाचं विचारायला फोन करेल. यंदाचा फॅमिली डे १३ डिसेंबरला आहे आणि मिसेस को विचारल्याशिवाय राहणार नाहीत. प्रबोधला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी शेजारीच बसलेली असेन, पण मध्ये बोलणार नाही.

तुमच्याकडून बोलायला शिकलेली,
निशिगंधा