आयुधपूजेला गेट उघडलं

३ ऑक्टो. ७८, मंगळ.
संपाचा तिसरा आठवडा. गेटसमोर बसून बसून कंबरडं मोडलं. केंपम्मा आज वरुणा गावाहून पहिल्या बसने म्हैसूरला आली. पोट एवढं पुढे आलंय तरी आमच्याबरोबर जमिनीवरच बसते. पोटुशी म्हणून कंपनीने तिला काढलं. तिला परत घ्या, एवढंच युनियनचं मागणं. नव्या मॅनेजरला म्हणे असल्या बाया परवडत नाहीत. त्याच्या आईला कसा परवडला हा?

५ ऑक्टो.
युनियनचा झेंडा पार विटलाय. सेक्रेटरी नंजप्पा म्हणतात, नवा शिवून घेऊ. पहिला आमच्याच अंगणात रंगला होता, बाबांच्या रंगाच्या हंड्यात. वहिनीने पिळला, कितीतरी दिवस हात लाल. तेव्हा हॉल कोणी देईना, म्हणून पहिली मीटिंगही आमच्याकडेच, कापडं वाळायच्या दोऱ्यांखाली. त्यात बाई अशी वहिनी एकटीच. आता ती वाइंडिंग सेक्शनची मोठी अक्का. ती बसली म्हणून आम्ही तारा गुंडाळणाऱ्या सगळ्या बसलो. ती उठली तर...

७ ऑक्टो., शनि.
कंपनीने बोर्ड लावला. मंगळवारी आयुधपूजेला गेट उघडणार, ज्याने त्याने आपलं मशीन पुजावं.
नंजप्पा म्हणाले, "बेडा अक्का, जाऊ नका. आत गेलात की संप मोडला म्हणतील."
वहिनी फणकारली, "माझं मशीन एक दसरा बिनकुंकवाचं राहिलं नाही. यंदा तुमच्यासाठी ठेवू?"
मी म्हटलं, त्यांच्यासाठी नाही, केंपम्मासाठी. आय्तु, झालं! माझ्याशी बोलणं बंद. संध्याकाळी चटणी वाटताना वरवंटा नुसता आपटत होती.

१० ऑक्टो., मंगळ., आयुधपूजा
गेली.
शेवंतीची माळ, कोहळा, कापूर. तिच्यामागून वाइंडिंगच्या झाडून सगळ्या. दारातच हजेरीवर सह्या घेतल्या. मी बाहेर. केंपम्माकडे बघवेना. वहिनीचा इतका राग आजवर कधी आला नव्हता.

दुपारी बघते तर सगळ्या परत बाहेर! अय्यो, हसू की रडू. पूजा आटोपल्याबरोबर मॅनेजर म्हणाला, चला, मशीन सुरू करा. बाहेरगावचा बाबा, त्याला कोण सांगणार. वहिनीने सांगितलं, "पुजलेल्या मशीनला आज हात लावत नाहीत, साहेब." तो ओरडत राहिला, ह्यांनी कोहळा फोडला, चुरमुरे वाटले आणि उठल्या.
पण गेटवर लगेच नोटीस. वाइंडिंग सेक्शन कामावर रुजू, गुरुवारपासून नेहमीप्रमाणे. सह्या आहेतच ना!
घरी येताना वहिनी म्हणाली, "मी देवाचं करायला गेले होते गं, सुमे." मला भडभडून आलं, पण राग काही उतरेना.

११ ऑक्टो., विजयादशमी
जंबू सवारीला, हत्तीची मिरवणूक बघायला, सगळं म्हैसूर लोटलंय. आम्ही घरात, दोघी दोन खोल्यांत. दुपारी दारात कोण, तर केंपम्मा. एवढ्या गर्दीतून, असल्या अंगाने! वहिनीला म्हणाली, "अक्का, तुम्ही उद्या आत जा. माझ्यापायी सगळ्यांच्या पोटावर पाय नको. नंजप्पांना मीच सांगते, संप मिटवा म्हणून."
वहिनीने तिला ताट वाढलं. "सुम्ने, गुमान जेव आधी." दोनदा भात घातला, वर तूप. बसपर्यंत सोडायलाही गेली. परत आली ती घासलेली भांडी पुन्हा घासत बसली. विचारायचा धीर झाला नाही. झोपताना नुसतं म्हणाली, "पोर चालताना धापा टाकते."

१२ ऑक्टो., गुरु.
निघायच्या आधी चार ओळी.
वहिनीने अंबाडा घातलाय. घट्ट, पिना खोचून. मशीनवर बसायचं तेव्हाच घालते असा, केस फिरत्या तारेत जाऊ नयेत म्हणून. गेटवर बसायला इतके दिवस वेणीच होती.
विचारलं, "आत?"
"चल आधी."
मग मला पुढ्यात बसवलं आणि माझेही केस ओढून तसाच अंबाडा बांधायला लागली. नको म्हणणार होते. म्हटलं नाही.
भोंगा झाला. हाक मारतेय.