बुटकी बेसिनं

हॅल्डन, आयोवा
४ ऑगस्ट

प्रिय मार्लिस,

पत्र बघून तुला नवल वाटेल. तुझं घर माझ्यापासून चार गल्ल्यांवर, रविवारी चर्चमध्ये आपण एकाच बाकावर बसतो, हल्ली दोन टोकांना बसतो एवढंच. तरी मी तिकीट लावून हे पोस्टात टाकते आहे. समोर आले तर तू माझा हात धरशील, डोळ्यांत पाणी आणशील आणि मी विरघळेन. जन्मभराचा अनुभव आहे मला. म्हणून कागद बरा.

शाळेतलं चषकांचं कपाट रिकामं केलं त्या दिवशी आपला एकोणसत्तर सालचा फोटो मी घरी आणला. चोरला म्हण हवं तर. शेजारच्या प्रूएट गावाविरुद्धची बास्केटबॉलची अंतिम लढत. तू हवेत, चेंडू हातातून नुकता सुटलेला, आणि प्रूएटच्या तिघी तोंडं उघडी टाकून वर बघताहेत. मागे, मधल्या रेघेच्या पलीकडे कमरेवर हात ठेवून उभी असलेली धूसर मुलगी ती मी. माझी नात टेसा विचारते, आजी, तू पळत का नाहीयेस? तिला खरंच वाटत नाही की तेव्हा मुलींना अख्खं मैदान धावू देत नसत. तिघी या अर्ध्यात, तिघी त्या अर्ध्यात. मी राखणारी. समोरच्या पोरींकडून चेंडू काढायचा, दोनदा आपटायचा, रेघेपर्यंत आणायचा आणि तुझ्या हातात द्यायचा. चार वर्षांत माझ्या नावावर एक गुण नाही, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. चेंडू तुझ्याकडे गेला की मी निवांत व्हायची.

दोन वर्षांपूर्वी तू शाळेतल्या माझ्या स्वयंपाकघरात आलीस तो गुरुवार होता. गुरुवार होता हे नक्की, कारण पोरांच्या गुरुवारच्या जेवणाचं, राजमा-खिम्याच्या चिलीचं पातेलं चुलीवर होतं आणि तू दालचिनीच्या रोलच्या ट्रेमधून नेहमीसारखा मधला, मऊ रोल उचललास. म्हणालीस, मोठ्यांची शाळा प्रूएटला जाणार, त्याला इलाज नाही. पण लहानांची हॅल्डनमध्येच राहील, सहावीपर्यंत, तसं बोलणं झालंय. दोन्ही गावांनी शाळा एकत्र करायला होकार दिला पाहिजे, आणि मी पडले शाळेच्या बोर्डाची अध्यक्ष, माझं कोणी ऐकत नाही. तुझं ऐकतील, आर्डिथ. तुझ्या हातचं खाऊन वाढलेत सगळे.

मी ऐकलं. नेहमीच ऐकत आले. तीन आठवडे गुडघ्याला पट्टा बांधून दारोदार फिरले, प्रत्येक घरी लिंबाच्या वड्यांचं भांडं घेऊन. आपल्याकडे या वड्या मयताच्या जेवणाला नेतात, त्यामुळे धान्याच्या कोठारावर कॉफी पीत बसलेल्या म्हाताऱ्यांनी वड्या बघून आधी टोप्या काढल्या आणि विचारलं, कोण गेलं? मी पोट धरून हसले होते. हल्ली ते आठवलं की हसू येत नाही.

सगळ्यात अवघड दार आपल्या पहिलीच्या हिन्रिक्सबाईंचं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, पण नजर तीच, खिडकीतून चिमणीकडे बघणाऱ्या पोराला जागेवर आणणारी. सगळं ऐकून घेतलं, वडीला हात लावला नाही, आणि एकच प्रश्न विचारला. "लहानांची शाळा राहील हा शब्द मार्लिसचा की तुझा?"

मी म्हटलं, "माझा."

त्यांनी होकाराचं मत दिलं. त्यांच्यामागे त्यांची सगळी गल्ली. हॅल्डननं जेमतेम हो म्हटलं, आणि मग चार महिने दोन्ही गावं गणवेशाच्या रंगावरून भांडली आणि शेवटी कुणालाच न आवडणारा राखाडी ठरला. तेव्हाही मी लोकांना समजावत होते की रंगाचं काय घेऊन बसलात, पोरं तर इथंच आहेत.

आता एप्रिलचं सांगते. तुला त्यातलं अर्धंच माहीत आहे. प्रूएटला दोन्ही गावांचं जेवण होतं आणि मी माझे रोल घेऊन मोठ्यांच्या शाळेत गेले. हात चिकट झाले होते म्हणून नव्या इमारतीत धुवायला शिरले. बेसिन माझ्या गुडघ्याएवढं. शेजारचंही तसंच, एका रांगेत सहा. पिण्याच्या पाण्याचा नळ इतका खाली की मला वाकावं लागलं. संडासाची भांडी चिमुकली. मला आधी वाटलं की कारागीर चुकले. सतरा वर्षांची दाढी आलेली पोरं इथं कशी बसणार, असा विचार करून मी एकटीच हसलेसुद्धा, इतकी मी मूर्ख. मग बाहेर भिंतीवर चौकटीत लावलेला इमारतीचा नकाशा दिसला, वर्गांवर पहिली ते सहावी लिहिलेलं. कोपऱ्यात बोर्डाच्या पाच सह्या, पहिली तुझी, ती मोठ्या 'मा'ची वळणदार सही मी झोपेतही ओळखीन. तारीख मार्चची. आपल्या मतदानाच्या सहा महिने आधीची. म्हणजे तू माझा रोल खात होतीस तेव्हा ही बेसिनं कागदावर आलेली होती.

गाडीतळावर तुला गाठून मी विचारलं. तू नाकारलं नाहीस, एवढं तुझ्या बाजूनं लिहिते. पहिलीत सातच मुलं उरलीत म्हणालीस, दोन इमारती चालवणं परवडत नाही म्हणालीस. खरं असेल. मग ते खरं म्हणूनच सांगायचं होतंस. लोक रडले असते, तुला शिव्या घातल्या असत्या, पण शेवटी निर्णय त्यांचा असता. त्यावर तू जे बोललीस ते मला रोज भांडी घासताना ऐकू येतं.

"खरं सांगितलं असतं तर तू दारोदार गेली असतीस का?"

नसते गेले, मार्लिस. तुला ते आधीपासून ठाऊक होतं, आणि म्हणूनच तू गप्प बसलीस. प्रूएटच्या लोकांनी फसवलं असतं तर मी दोन दिवस चरफडून मोकळी झाले असते. तू माझा केसानं गळा कापलास, आणि तोही माझ्याच भोळेपणाच्या केसानं.

मे महिन्यात बोर्डात हात वर झाले, तीन विरुद्ध दोन. तिसरा हात तुझा. पुढच्या उन्हाळ्यात हॅल्डनची शाळा बंद. टेसाला तेव्हा साडेसहाला बस पकडावी लागेल, पन्नास मिनिटं खडीचा रस्ता, जानेवारीत बर्फ असेल तर देव जाणे. गावानं तुला चार शब्द सुनावले आणि सोडून दिलं. खापर माझ्यावर फुटलं, आणि ते योग्यच आहे, दारात मी उभी होते. हिन्रिक्सबाईंनी पोस्टात मला बघून पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी माझं वड्यांचं भांडं पायरीवर ठेवलेलं होतं, घासूनपुसून, रिकामं. आपल्या गावात कोणी कोणाचं भांडं रिकामं परत करतं का? मी ते उचललं आणि पायरीवरच बसून राहिले. मर्ल आतून हाका मारत होता, नवऱ्याच्या हाकेनंही मला उठवेना.

जूनमध्ये तुझा निरोप आला की प्रूएटच्या मोठ्या स्वयंपाकघराची मुख्य मला करणार, नव्या भट्ट्यांसकट. तू ते मनापासून केलंस हेही मला कळतं. तेच जास्त लागलं.

तर आता पत्राचं कारण. शुक्रवारी मी स्वयंपाकघराच्या किल्ल्या परत दिल्या. एकतीस वर्षांनी हात इतके हलके झाले की घरी येताना सारखं काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं. शाळेत नोकरी करणाऱ्याला बोर्डावर बसता येत नाही, म्हणून द्याव्या लागल्या. आज सकाळी मी सप्टेंबरच्या निवडणुकीचा अर्ज भरला. तुझ्या जागेसाठी. मी आले तर हात उलटे मोजले जातील, आणि शाळा निदान लोकांना पुन्हा विचारेपर्यंत तरी उघडी राहील. हरले तर नोकरीही गेली आणि तूही गेलीस. अर्जावर सह्या लागतात, त्या मागायला मी पहिल्यांदा हिन्रिक्सबाईंकडे गेले, या खेपेला वड्या न नेता. त्यांनी जाळीचं दार न उघडता विचारलं की आता शब्द कोणाचा. मी म्हटलं, माझाच, आणि या वेळी नकाशा बघून आलेय. त्यांनी कडी काढली. मग दार उघडून पेन मागितलं. कोठारावरच्या कॉफीबरोबर ही बातमी तुझ्या कानावर पडण्याआधी तुला माझ्याकडून कळावी, एवढ्यासाठी हे लिहिलं. तू मला आधी सांगितलं नाहीस. मी तुला आधी सांगते आहे. चेंडू माझ्या हातात आहे, मार्लिस, मी रेघेपाशी उभी आहे, आणि या वेळी तो तुझ्याकडे देणार नाही.

रविवारी बाकावर मी माझ्या टोकाला असेन.

अजूनही तुझीच,
आर्डिथ