ओवाळायची राहिलेली गाडी

नाचणगाव,
दि. २४ ऑक्टोबर २००४

चि. सौ. नलूस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. आईचे गुडघे कुरकुरतात, पण चालवून घेतात. तुझी वहिनी बरी आहे आणि माझ्यावर रागावलेली आहे, म्हणजे रोजच्यासारखीच. धीरज चौथीच्या चाचणीत पहिला आला असं ताराचंदजींकडून कळलं. तो नक्कीच मामावर गेला नाही. जामच्या चौफुलीवरचं तुमचं हॉटेल जोरात असेल. हायवेवर ट्रक वाढलेत म्हणतात, म्हणजे ताराचंदजींचं पोटही वाढलं असणार.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोन केला की तू "हं" म्हणतेस आणि रिसीव्हर नवऱ्याच्या हातात देतेस. पत्राला तसं करता येत नाही.

तर बातमी अशी की मी गाडी घेतली. वॅगनार. नवी नाही, चार वर्षं वापरलेली. तू जामच्या चौकात पाहिली असशील, ती उभट, चौकोनी, नाक आखूड असलेली. आपल्या मोतीलाल किराणावाल्यानं दारात येऊन तिला सगळीकडून पाहिलं आणि म्हणाला, "हेमराजभाऊ, आलमारीले चाकं लावून आणले का?" मी म्हटलं, "हो, तुलेच कोंबाची हाये त्यात." तेव्हापासून गावात तिचं नाव आलमारी पडलं आहे.

वर्ध्याला नालवाडीत प्रभाकरराव म्हणून एक निवृत्त बँकवाले आहेत, त्यांची ही गाडी. ते मुलाकडे पुण्याला चालले म्हणून विकायला काढली. आता विकायचीच म्हटल्यावर विकावी ना माणसानं? पण नाही. स्थळ पाहायला आल्यासारखी त्यांनी माझी चौकशी केली. शेती किती, गाडी सावलीत राहील का, चालवणार कोण, पान खाता का. शेवटी म्हणाले, "दरवाजा हळू लावत जा. आपटलं की मले इथं लागते." आणि छातीवर हात ठेवला. सीटवरचं मूळचं प्लास्टिक त्यांनी चार वर्षांत काढलेलं नाही. मीही काढलं नाही.

मी इंजिन पाहिलं नाही, नलू. त्यातलं मला कळतही नाही. मी मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर आडवा झालो. गुडघे पोटाशी घेतले, एकदा उताणा, एकदा कुशीवर. टप उंच आहे, समोरच्या सीटांच्या मधून एक माणूस वळून हात धरू शकतो. प्रभाकरराव घाबरले. त्यांना वाटलं मला चक्कर आली. बायकोला हाक मारून म्हणाले, "पाणी आण व, गिऱ्हाईक पडलं." मी उठून म्हटलं, हीच पाहिजे.

वहिनीचं म्हणणं, विहिरीवरची मोटर बदलायची सोडून ह्या वयात गाडी सुचली. आईला मात्र आवडली. जीपमध्ये चढावं लागतं, दुसऱ्या गाड्यांत वाकावं लागतं, हिच्यात सरळ बसता येतं, असं ती म्हणते. दोनदा बसून पाहिलं, पण उभ्या गाडीतच.

कारण गाडी दसऱ्याला घरी आली ती तशीच अंगणात झाकून उभी आहे. आपल्या घरची रीत तुला सांगायला नको. घरच्या लेकीनं ओवाळल्याशिवाय गाडी कामाला जुंपायची नाही. बापूजींनी नवी दमणी आणली तेव्हा बैल जुंपायच्या आधी तिला आत्यानं ओवाळलं होतं. मेटॅडोरला तू. हळदीचा हात तू काचेवरच उमटवला होतास आणि बापूजी तो पुसू देत नव्हते.

तेव्हा दिवाळीच्या आत एक दिवस ये. सकाळी ये, संध्याकाळी परत नेऊन सोडतो, आलमारीतूनच. चंद्रभानचं मला ठाऊक आहे. त्या दिवशी त्याला कामाला बाहेर पाठवीन. तुला त्याचं तोंड दिसणार नाही.

ताराचंदजींना नमस्कार, धीरजला आशीर्वाद.

तुझा
दादा

ता. क. सपना भाऊबीजेला येते आहे, बाळंतपणाला. पहिलंच आहे. डिसेंबरचे सुरुवातीचे दिवस सांगितले आहेत.


नाचणगाव,
दि. ७ नोव्हेंबर २००४

चि. सौ. नलूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं नाही, ताराचंदजींचा फोन आला. बिचारे दुसऱ्याचा निरोप सांगतानाही घाम पुसत असावेत. "तिचं म्हणणं असं आहे दादा, का चंद्रभान त्या अंगणात पाय ठेवते तोवर ती येणार नाई. एक दिवस बाहेर पाठवून चालाचं नाई."

नलू, मला राग आला. खरं सांगतो, रिसीव्हर ठेवल्यावर मी गाडीभोवती चार फेऱ्या मारल्या. अकरा वर्षं झाली या गोष्टीला. त्याचं घर आपल्या भिंतीला लागून आहे. आपली खालची पट्टी तो बटईनं करतो. बापूजी गेले तेव्हा पुढचा खांदा त्यानं दिला. त्याला मी कोणत्या तोंडानं सांगू, की अंगणात येऊ नको?

तू म्हणशील, कोणत्या तोंडानं म्हणजे काय, त्यानं केलं ते सांग. बरं, ते राहू दे.

इथं माझं मन लागत नाही. सकाळी उठतो, गाडीवरचं कापड काढतो, पुसतो, पुन्हा झाकतो. आठवड्यातून दोनदा चालू करून उभ्या उभ्या गुरगुरवतो, बॅटरी उतरू नये म्हणून. पोरं जमतात. मोतीलाल विचारतो, "आलमारी आज तरी उघडणार हाये का?" परवा मोटारसायकलनं घरापासून वर्ध्याच्या दवाखान्यापर्यंत जाऊन आलो. रेल्वेचं फाटक उघडं मिळालं तर पाऊण तास, बंद असलं तर तास. कालही गेलो. वहिनी म्हणाली, "कोणी बिमार हाये का? काऊन जाता रोज?" मी म्हटलं, गाडीच्या कागदांचं काम आहे.

आईचा हट्ट आहे की नलूच पाहिजे. सपनानं ओवाळलं असतं, तीही घरचीच लेक, पण गर्भारशीनं नारळ फोडू नये म्हणतात. म्हणून गाडी उभी आहे. भाऊबीजेला तरी ये. अकरा वर्षांच्या राख्या तू पाकिटातून पाठवल्यास, त्या सगळ्या माझ्याकडे आहेत. ओवाळणी पाकिटातून देता येत नाही.

तुझा
दादा


नाचणगाव,
दि. १७ नोव्हेंबर २००४

नलू,

भाऊबीज झाली, तू आली नाहीस. त्याबद्दल काही म्हणायचं नाही. हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडलं आहे. आज फाडणार नाही, कारण धाकधूक सहन होईना.

सपना आली. पोट खाली उतरलंय असं आई म्हणते. काल दुपारी आम्ही सगळे ओट्यावर होतो, चंद्रभानही होता, तुरीला पाणी कधी द्यायचं ते विचारायला आला होता. सपनानं गाडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, गाडी झाकून काऊन ठेवली?"

आई म्हणाली, "तुई आत्या येईन, ओवाळीन, मंग निघन."

"अन् मले आजच दुखाले लागलं तं?"

आणि मी म्हटलं, "थांब थोडी. आत्या येऊनच राह्यली."

चंद्रभाननं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. टोपी झटकली, डोक्यावर ठेवली आणि उठून गेला. पाणी कधी द्यायचं ते विचारायचं राहूनच गेलं.

"थांब थोडा" हेच शब्द मी त्याला त्या दिवशी म्हटले होते, नलू.

तो जानेवारीतला दिवस होता, त्र्याण्णवचा. तू बाळंतपणाला आली होतीस. मी आदल्या सकाळपासून पुलगावला जिनाच्या फाटकापुढे कापसाच्या रांगेत होतो, दोन दिवस आणि एक रात्र झाली होती. माझ्यापुढे सहा गाड्या होत्या. मेटॅडोर वरपर्यंत भरलेली. रांगेतून गाडी काढली की नंबर गेला, मग पुन्हा शेपटापासून. हे तुला ठाऊक आहे, तूही रांगेत डबा घेऊन आलेली आहेस.

चंद्रभान सायकलनं आला. वाटेत तो कुठे थांबला नाही. चहा प्यायला नाही, सायकल पंक्चर झाली नाही. दुपारी बारा वाजता तो माझ्यापुढे उभा होता आणि त्याच्या शर्टातून घाम गळत होता. म्हणाला, "भाऊ, नलूबाईले लय त्रास होऊन राह्यला. सुईण म्हणते पोर आडवं हाये, वर्ध्याले न्या म्हणते. गाडी काढा." मी पुढच्या गाड्या मोजल्या. म्हटलं, "थांब थोडा. सहाच तं राह्यल्या. तू हो पुढं, मी अर्ध्या तासात आलोच." त्यानं पुन्हा म्हटलं, "भाऊ, सुईण घाबरली हाये." मी त्याच्यावर ओरडलो. बायकांना घाबरायला काय लागतं, असं म्हटलं. हे मी म्हटलं.

तो गेला. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर जेवायला गेला. सहा गाड्यांना साडेतीन तास लागले. तेवढ्यात चंद्रभाननं घरी जाऊन "भाऊ मांगून येऊन राह्यले" एवढंच सांगितलं, आपली दमणी जुंपली, तुला पुलगावपर्यंत आणलं आणि तिथून टॅक्सी केली. दमणी जिनाच्या फाटकावरूनच गेली. मी तेव्हा ग्रेडर आला का ते पाहायला आत वजनकाट्यापाशी गेलो होतो.

मी वर्ध्याला पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. पोरगी होती, रडलीच नाही. बापूजींनी विचारलं, "कुठं होता?" मी म्हटलं, "निरोपच मले आत्ता भेटला." चंद्रभान भिंतीला टेकून उभा होता. त्यानं ऐकलं. मला वाटलं आता हा बोलेल. तो बोलला नाही. त्यानंतर तू त्याला खोटारडा, वाटेत रमलेला असं जे जे बोललीस ते सगळं त्यानं खाली पाहून ऐकून घेतलं. मीही तिथंच होतो. पुढे एकदा मीच त्याला विचारलं, का बोलला नाहीस. तर म्हणाला, "तुमच्या घरचं दुःख. त्यात मी कायले भांडण टाकू?"

हे सगळं मी कसंतरी गिळलं असतं. पण खाटेवर पडल्या पडल्या तू आईला म्हणालीस, "दादाले कळलं असतं तं कापूस रस्त्यावर सांडून आला असता." ते वाक्य मला गिळता आलं नाही. तू घरी येईनाशी झालीस, चंद्रभानच्या रागानं. आणि मी जामला येईनासा झालो. लोकांना वाटलं आपण भांडलो. मला ते बरंच वाटलं. तुझ्यासमोर बसून तुझा विश्वास पाहण्यापेक्षा भांडण सोपं होतं.

म्हणून मी त्या मागच्या सीटवर झोपून पाहिलं. म्हणून वर्ध्याच्या चकरा. गाडी आईच्या गुडघ्यांसाठी नाही आणि मोठेपणासाठीही नाही. सपना दहा वर्षांची होती तेव्हा, तिनं तुला दमणीत चढवताना पाहिलं आहे. आल्यापासून ती येता-जाता गाडीकडे पाहते.

काल संध्याकाळी मी चंद्रभानच्या घरी गेलो. तुला पत्र लिहितो आहे आणि त्यात सगळं लिहितो आहे, असं सांगितलं. तो बैलांना चारा टाकत होता. हातातली पेंढी संपवली. मग म्हणाला, "बाईले तरास होईन, भाऊ." माझ्या त्रासाबद्दल तो काही म्हणाला नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही. गाडीची दुसरी किल्ली मी त्याच्याकडे दिली आहे. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला ही आलमारी जड नाही, आणि तो थांबणारा माणूस नाही.

मग घरी येऊन कापड काढलं, घडी करून माळ्यावर टाकलं. गाडीचं तोंड रस्त्याकडे करून ठेवलं, टाकी भरून आणली. आई म्हणाली, "ओवाळल्याबिगर?" मी म्हटलं, हो, ओवाळल्याबिगर.

तू ये. त्या अंगणात आता तू ज्याचं तोंड पाहू नयेस असा माणूस एकच आहे, आणि तो चंद्रभान नाही. त्यानंतरही तुला तबक हातात घ्यावंसं वाटलं तर देव्हाऱ्यापाशी काढून ठेवलं आहे. नाही आलीस तरी मी पुन्हा बोलावणं पाठवणार नाही, तेवढा अधिकार माझा उरला नाही. पण एक सांगून ठेवतो, नलू. सपनाला पहिली कळ आली की गाडी निघेल. एकदा नंबरासाठी थांबलो होतो. आता कोणासाठीही थांबणार नाही. तुझ्यासाठीसुद्धा.

हेमराज