नातीला मांडीवर देईन म्हणाले

६ ऑक्टोबर २०१८, स्टावांगेर, नॉर्वे
पोचले बाई एकदाची! कॅनडातल्या मिल्टनहून निघाल्यापासून तीन विमानं, कमरेचा पार भुगा झाला. पण गाव काय देखणं आहे! पांढरी लाकडी घरं, मागे डोंगर, बंदरात तेलकंपन्यांची अजस्र जहाजं. धक्क्यावर मासळीचं सूप मिळतं, दोन वाट्या ओरपल्या. कंपनीने खाडीकाठी घर दिलंय. मालकीण इंग्रिडबाई विधवा, वरच्या मजल्यावर एकट्याच राहतात. दोन आठवडे व्हॉल्व्ह तपासायचे. शुक्रवारी नवरोबा, सार्थक, ऊर्मीला घेऊन येतोय. चार वर्षांचं माझं पिल्लू! कधी एकदा येते असं झालंय.

८ ऑक्टोबर
सर्वपित्री अमावस्या. बाबांना जाऊन वर्ष झालं. कॅनडाच्या पीआरच्या कागदपत्रांच्या घोळात मला भारतात जाता आलं नाही, नातीला त्यांनी फक्त फोनवर पाहिलं. ते सलतं. ऑफिसला उशिरा येते कळवून वरण-भात, वडे, खीर केली आणि पान पाण्याकडच्या कठड्यावर ठेवलं. इथले कावळे राखाडी पोटाचे. तीन आले, एक मेला शिवेल तर शपथ! तासभर कुडकुडले. मग आपल्याकडे बोलतात तसं बोलून गेले, की बाबा, नातीत जीव अडकलाय ना? शुक्रवारी येतेय, तुमच्या मांडीवर देईन. लगेच शिवला. मला रडूच कोसळलं.

९ ऑक्टोबर
कामावरून आले तर दारापासून फ्रिजपर्यंत ओली पावलं. मोठी, अनवाणी. कॉड माशाचे तुकडे आणून ठेवले होते, ते कच्चेच खाल्लेले. खुर्ची ओढलेली, खाली खारं पाणी. इंग्रिडबाई म्हणाल्या, मांजर असेल. फ्रिज उघडणारं मांजर! काहीतरीच.
बाबांनी जन्मात अंडंसुद्धा खाल्लं नाही. मग काल कावळा शिवला तो कुणासाठी?

१० ऑक्टोबर
आईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, बाबांचं नाव-गोत्र घेतलंस ना? नाही घेतलं. नुसतं बाबा म्हणाले. या समुद्रात बुडालेले कितीतरी बाप असतील, घरी लेकरं टाकून गेलेले. काय करून बसले मी!

११ ऑक्टोबर
पुन्हा पान वाढलं. नाव, गोत्र, सगळं घेतलं, दिलेला शब्द परत मागितला. एकही कावळा फिरकला नाही. सार्थकला म्हटलं येऊ नका. तो हसला, स्ट्रेस घेऊ नकोस म्हणाला, आम्ही एअरपोर्टवर आहोत. मी आता हॉटेलात खोली घेतलीय. ऊर्मीला त्या घरी नेणारच नाही. मिळेल त्या पहिल्या विमानाने परत पाठवते.

१२ ऑक्टोबर, सकाळ
एअरपोर्टवर. येणाऱ्यांत ते नाहीत.

नऊ वाजता
सार्थकचा मेसेज. आधीचं विमान मिळालं म्हणे, सरप्राइज. टॅक्सीने थेट घरी. दार उघडंच होतं. तुझे घरमालक फार प्रेमळ आहेत, ऊर्मीला मांडीवरून उतरूच देत नाहीत. कपडे मात्र ओले आहेत बिचाऱ्यांचे.
घरमालक नाहीत. घरमालक नाहीतच तिथे!

टॅक्सीत
सार्थक फोन उचलत नाही. ऊर्मीने उचलला. इंग्रजीत म्हणाली, आजोबा मला पाण्यात न्यायला आलेत. नको म्हणाले मी, ओरडले. तर म्हणते, बट मम्मा, यू प्रॉमिस्ड हिम—

कठडा दिसतोय. सार्थक एकटाच धावतोय, ऊर्मी कुठे—ऊर्मी